मेदाचा भार आणि मेदाचा आकार

कल्याणच्या पुढे कर्जतच्या अंगाने जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही जी तीन गावे एकामागून एक लागतात, त्यांची घडण निरनिराळ्या कारणांनी झाली असली, तरी आज त्यांचा चेहरामोहरा पुष्कळसा एकसारखा दिसू लागला आहे. उल्हासनगर ही मूळची दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंध प्रांतातून निर्वासित होऊन आलेल्या सुमारे एक लाख माणसांना तिच्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे नगर झाले. अंबरनाथला शके ९८२ मधले शिलाहारकालीन शिवालय एका बाजूस आणि कारखान्यांची वसाहत दुसऱ्या बाजूस. तर बदलापूर हे कालपरवापर्यंत भातशेतीचे गाव, जेथे परवडणाऱ्या घराच्या ओढीने मुंबईचा चाकरमानी येऊन राहिला आणि बोरीबंदरपर्यंतचे ६८ किलोमीटर रोज लोकलने कापू लागला. ज्या पिढीने बराकीत रेशनच्या धान्यावर दिवस काढले, तिच्या नातवंडांना पोटावरच्या चरबीची चिंता पडावी, हा काळाचा महिमा म्हणावयाचा. आणि ती चिंता अचूक हेरून त्वचेचे, केसांचे आणि बांध्याचे दवाखाने आता स्टेशनाबाहेरच्या रस्त्यांवर पाट्या लावून बसले आहेत. त्या पाट्यांवर लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी शोषून काढण्याची शस्त्रक्रिया, हा शब्द वरचेवर आढळतो, आणि त्याच्या शेजारीच बहुधा ‘वजन घटवा’ अशी अक्षरेही असतात. या दोन गोष्टींचा परस्परांशी जो संबंध त्या पाटीवर गृहीत धरलेला असतो, तो वस्तुतः जवळजवळ नाहीच, एवढेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

सुटलेले पोट आपल्याकडे फार जुन्या काळापासून लाजिरवाणे मानले जात असे, असे नाही. ‘खात्यापित्या घरचा’ हे विशेषण कौतुकानेच लावले जाई, आणि आपले आराध्य दैवत तर लंबोदर या नावानेच मिरवते. वैद्यांची दृष्टी मात्र याहून कठोर होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या देहांची जी गणना आहे, तीत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघेही येतात. त्यातही कृश बरा, स्थूलाची चिकित्सा अधिक अवघड, असा निर्वाळा दिलेला आहे. त्याच आठांत अतिगौर आणि अतिकृष्ण यांचीही वर्णी लागावी, यावरून आरोग्याची कसोटी आणि समाजाच्या आवडीनिवडीची कसोटी या दोहोंची सरमिसळ आजचीच नव्हे, हे ध्यानात येते.

मेद म्हणजे निव्वळ अडगळ नव्हे. तो शरीराचा साठा आहे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी ऊर्जा साठविलेली असते. हा साठा ज्या सूक्ष्म मेदपेशींत राहतो, त्यांची संख्या साधारणतः पौगंडावस्था संपेपर्यंत ठरून जाते. प्रौढपणी माणूस जाड होतो तो मुख्यतः या पेशी फुगल्यामुळे, आणि बारीक होतो तो त्या आक्रसल्यामुळे. दरसाल सुमारे दहा टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या उपजतात, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. तेव्हा आहाराने आणि व्यायामाने पेशी लहान होते, नाहीशी होत नाही. लायपोसक्शनमध्ये मात्र ती पेशीच शरीराबाहेर काढली जाते. या शस्त्रक्रियेचे सामर्थ्य ते एवढेच, आणि तिची मर्यादाही येथूनच सुरू होते.

कारण मेदाची कोठारे दोन ठिकाणी असतात. एक त्वचेखाली, जे आपल्या चिमटीत सापडते. आणि दुसरे उदराच्या आत, स्नायूंच्या भिंतीपलीकडे, आतडी आणि यकृत यांच्या भोवती, जे चिमटीत कधीच येत नाही. ज्या गृहस्थाचे पोट नगाऱ्यासारखे टणक आणि गोल पुढे आलेले असते, पण वरची कातडी चिमटीत धरू गेल्यास बोटभरही हाती लागत नाही, त्याची चरबी बहुतांशी या दुसऱ्या कोठारातली असते. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशी अधिक लागेबांधे असतात ते या आतल्या मेदाचे. आणि लायपोसक्शनची नळी तेथे जात नाही. जाऊ नये, हे अधिक खरे. ती तेथे गेलीच तर त्यास उपचार म्हणत नाहीत, आतड्यास छिद्र पडले असे म्हणतात.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्राने जगाला एक मार्मिक धडा दिला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मधुमेहतज्ज्ञांचे शेजारी शेजारी उभे असलेले एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांच्या प्रमाणावरून काढलेला बॉडी मास इंडेक्स दोघांचाही तंतोतंत २२.३, आणि तपासणीअंती शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र युडकिनसाहेबांचे ९.१ टक्के, तर याज्ञिकांचे २१.२ टक्के! दिसण्यात सडपातळ आणि आतून मेदस्वी अशी ही जी भारतीय देहप्रकृती, तिची मुळे याज्ञिकांनी गर्भावस्थेपर्यंत नेऊन शोधली. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात अर्भकांचे वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो, तथापि आपले मूल इतके लहानखुरे असूनही त्याच्या अंगावरचा मेद त्या मानाने कमी झालेला नव्हता, कमी होते ते स्नायू. भारतीयांसाठी वजनाच्या आणि कंबरेच्या मर्यादा युरोपीयांहून खाली आणाव्या लागल्या, त्या याच जातीच्या पुराव्यांमुळे: बॉडी मास इंडेक्स २३ झाला की वजन जास्त, २५ झाला की स्थूलता, आणि कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. लोकलच्या डब्यात चौथ्या सीटवर अंग चोरून बसणाऱ्या किडकिडीत कारकुनाने आपण सुरक्षित आहोत असे समजू नये, असा याचा अर्थ होतो.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. तिचा आरंभ एका शोकांतिकेने झाला, ही गोष्ट पाट्यांवर कोठे लिहिलेली नसते. १९२० नंतरच्या दशकात फ्रान्समधील शार्ल दुजारिए नामक शल्यविशारदाने एका नर्तकीच्या पायांना घाट यावा म्हणून गर्भाशय खरवडण्याचे धारदार उपकरण वापरून चरबी काढली. रक्तवाहिनीला इजा झाली, पाय सडला आणि अखेर कापून टाकावा लागला. त्यानंतर सुमारे अर्धशतक या वाटेला फारसे कोणी गेले नाही. पुढे १९७०च्या दशकाच्या मध्यावर रोम येथील अर्पाद आणि जॉर्जो फिशर या पितापुत्रांनी पोकळ नळी आणि शोषणयंत्र यांचा मेळ घातला. आणि १९७७च्या सुमारास पॅरिसच्या इव्ह-जेरार्द इलूझ यांनी, पाठीवरची चरबीची गाठ व्रण न ठेवता काढून मिळावी असा एका तरुणीचा आग्रह होता तेव्हा, धारदार अग्राऐवजी बोथट टोकाची नळी वापरली. ही बोथट नळीच कळीची ठरली, कारण मऊ चरबी तीत ओढली जाते आणि चिवट रक्तवाहिन्या व मज्जातंतू बव्हंशी बाजूला सरकतात. तरीही रक्तस्राव पुष्कळ होई आणि रुग्णाला अनेकदा रक्त द्यावे लागे. हा दोष जेफ्री क्लाइन या कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञाने घालविला. बधिरता आणणारे लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आक्रसविणारे अॅड्रिनलिन ही दोन्ही औषधे भरपूर सलाइनमध्ये अत्यंत विरळ करून, ते पाणी चरबीत ती ताठ फुगेपर्यंत भरावयाचे, अशी त्याची रीत १९८७ साली प्रसिद्ध झाली, आणि आज जगभर थोड्याफार फरकाने तीच वहिवाट चालू आहे.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचा तपशील असा. रुग्णाला प्रथम उभे करून, आडवे नव्हे, शाईच्या लेखणीने अंगावर वर्तुळे काढली जातात, कारण निजल्यावर चरबी बाजूला ओघळते आणि उंचसखलपणा लपतो. मग दोन-चार मिलिमीटरची छिद्रे, बहुधा बेंबीत किंवा जांघेच्या घडीत, पाडून औषधी पाणी भरतात आणि पंधरा-वीस मिनिटे थांबतात. तेवढ्यात वरची कातडी पांढुरकी पडते, ही रक्तवाहिन्या आक्रसल्याची खूण. त्यानंतर दोन ते पाच मिलिमीटर जाडीची नळी आत घालून मागेपुढे फिरवावयाची. हे काम बाहेरून पाहणाराला धसमुसळे वाटते, आणि शल्यविशारदाचा खांदा खरोखरच भरून येतो. परंतु त्याच्या दुसऱ्या हाताचा पंजा सर्व वेळ कातडीवर सपाट ठेवलेला असतो आणि नळीचे टोक किती खोल आहे, हे तो त्या पंजाने जोखीत असतो. सारे कौशल्य या दुसऱ्या हातात आहे. नळी वर आली तर कातडीवर खळगे पडतात, खोल गेली तर स्नायू फाटतो. शोषलेला द्रव काचेच्या भांड्यात साठतो आणि थोड्या वेळाने त्याचे दोन थर होतात: वर पिवळी चरबी, खाली तांबूस पाणी. भांड्यावरचा लिटरचा आकडा दाखवून ‘इतकी चरबी काढली’ असे कोणी सांगेल, तर खालचा थर वजा करून हिशोब करावा. वरचा थर तीन लिटर भरला, तर वजन पावणेतीन किलोच्या आसपास उतरले, कारण चरबी पाण्याहून हलकी असते. ध्वनिलहरींनी, लेसरने किंवा कंप पावणाऱ्या नळीने चरबी आधी सुटी करण्याच्या नव्या तऱ्हा निघाल्या आहेत. जाहिरातीत त्यांचा गाजावाजा फार असतो, पण मूळ तत्त्व बदललेले नाही. नंतरचे चार ते सहा आठवडे घट्ट पट्ट्यासारखा पोशाख घालावा लागतो, सूज उतरून खरा आकार दिसावयास तीन ते सहा महिने जातात.

उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत काम करणाराला या शस्त्रक्रियेचे मर्म समजावून सांगणे सोपे आहे. कमरेला आणि मांडीला कापड कोठे फुगते ते पाहून शिलाई आत घेणे म्हणजे फिटिंग. त्याने पँट अंगाला बसते, पण कापडाचा पोत सुधारत नाही. ज्याचे वजन आटोक्यात आहे, प्रकृती ठीक आहे, कातडीला ताण आहे, आणि तरीही कमरेच्या बाजूला, मांडीवर, दंडावर किंवा हनुवटीखाली व्यायामाला न जुमानणारा एखादा फुगवटा राहून गेला आहे, त्याच्यासाठी हा उपाय उत्तम. पुरुषांत वाढलेली छाती, चरबीच्या गाठी, पाय विनाकारण जाड होण्याचा लिपेडीमा नावाचा विकार यांतही त्याचा खरा उपयोग होतो. पण ज्याला तीस किलो उतरवावयाचे आहेत, त्याने या दारी जाऊ नये.

‘चरबी काढली की साखरही उतरेल’ ही समजूत तर सपशेल खोटी ठरली आहे. अमेरिकेतील सेंट लुई येथे सॅम्युअल क्लाइन यांनी (योगायोगाने हेही क्लाइनच) पंधरा स्थूल स्त्रियांच्या पोटावरून सरासरी नऊ-दहा किलो चरबी काढविली, आणि दहा-बारा आठवड्यांनी त्यांची रक्तशर्करा, इन्शुलिनचा परिणाम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सर्व तपासले. कशातही फरक पडला नव्हता. हा अहवाल २००४ साली छापला गेला. पुढे २०११ मध्ये कोलोरॅडो येथील संशोधकांनी ३२ स्त्रियांवर केलेला प्रयोग याहून गमतीचा आहे. एक वर्षानंतर चरबी परत आलेली होती, परंतु जेथून काढली त्या मांड्यांवर नव्हे, तर पोटाकडे. शरीर आपला साठा राखण्यास धडपडते, आणि कोठाराचे एक दालन बंद झाल्यास दुसरे भरू लागते, असा याचा उलगडा करावा लागतो.

प्लॅस्टिक सर्जरी ही पाश्चात्त्यांकडून आलेली चैन, असा जो एक समज आहे, तोही जाता जाता दुरुस्त करून घ्यावा. टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात गमावलेल्या, इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नामक मराठी माणसाला पुण्याजवळच्या एका कुंभाराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवून दिले, आणि ती हकीकत ऑक्टोबर १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मध्ये वाचून लंडनचे शल्यविशारद ती विद्या शिकले. स्वातंत्र्यानंतर नागपुरात डॉ. सी. बालकृष्णन यांनी आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी या शास्त्राची घडी बसविली; अंतियांचे मोठे काम तर कुष्ठरोग्यांचे हात आणि चेहरे पुन्हा घडविण्याचे. गरजेची शस्त्रक्रिया आणि हौसेची शस्त्रक्रिया यांतला भेद सरकारच्या दफ्तरीही नोंदलेला आहे: जन्मजात व्यंग किंवा अपघात यांवरच्या प्लॅस्टिक सर्जरीला वस्तू व सेवा कर माफ, सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर तो लागू, आणि विमा कंपन्याही तिचा खर्च सहसा देत नाहीत. हौस वाईट, असे मुळीच नाही. स्वतःच्या पैशाने स्वतःचा देह नीटनेटका करून घेणाऱ्या माणसाला नाके मुरडण्याचा अधिकार कोणासही नाही. फक्त हौसेपायी पत्करलेला धोका किती, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

तो धोका लहान आहे, पण शून्य नाही. उत्तर अमेरिकेतील प्लॅस्टिक सर्जनांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे पाच हजार शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू असे प्रमाण आढळले होते. नंतरच्या पाहण्यांत ते पुष्कळ कमी दिसते. त्या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकण्याचा होता, आणि ही गुठळी टेबलावरच नव्हे, काही दिवसांनीही घात करू शकते. लिडोकेनची गोष्ट अशीच. इतर कामांसाठी अॅड्रिनलिनसह लिडोकेनची मर्यादा शरीराच्या दर किलोला सुमारे ७ मिलिग्रॅम मानतात. लायपोसक्शनमध्ये ते अत्यंत विरळ आणि चरबीत भरलेले असल्याने ३५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. म्हणजे ६० किलोच्या बाईला ४२० ऐवजी २,१०० मिलिग्रॅम. ते रक्तात हळूहळू उतरते, आणि रक्तातील त्याचे प्रमाण शिखराला पोहोचते ते शस्त्रक्रियेनंतर साधारण ८ ते १६ तासांनी.

येथे आपल्या तीन गावांचा प्रश्न उभा राहतो. मुंबईत सकाळी दहाला शस्त्रक्रिया करून संध्याकाळी घट्ट पट्टा बांधून लोकलने बदलापूरला परतलेली स्त्री, औषधाचा अंमल शिखरावर असताना दवाखान्यात नसते. ती आपल्या स्वयंपाकघरात असते, आणि ओठांभोवती मुंग्या येणे, कानात घणघण होणे, जीभ जड पडणे ही विषबाधेची पहिली लक्षणे घरच्यांना थकवाच वाटतात. पाच लिटरहून अधिक द्रव काढावयाचा असेल, तर रुग्णाला रात्रभर रुग्णालयात ठेवावे, असा जो दंडक आहे, त्यामागे शस्त्रक्रियेनंतरच्या तासांत रुग्णावर नजर राहावी, हाच विचार आहे. मे २०२२ मध्ये बंगळुरू येथे कन्नड दूरचित्रवाणीवरील एका २१ वर्षांच्या अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला, आणि देशभर त्याची चर्चा झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सौंदर्यशस्त्रक्रियांसंबंधी मार्गदर्शक सूचना काढून, कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेले शिक्षण अशा शस्त्रक्रियांना पुरेसे नाही, असे स्पष्ट बजावले. असे बजावावे लागावे, यातच सगळी कैफियत आली.

कायदे आपल्याकडे कमी नाहीत. लठ्ठपणा घालविणाऱ्या औषधांच्या जाहिरातीस १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ चा, म्हणजे उल्हासनगरच्याच वयाचा, आणि त्यानुसार नोंदणीचा दाखला दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. अंबरनाथला ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा आरंभ झाला, तेव्हा या भागातील रुग्णसेवेचा पाया पुढेमागे भक्कम होईल अशी आशा बाळगण्यास जागा आहे. पण कायदा आणि महाविद्यालय यांची वाट पाहत बसण्यापेक्षा रुग्णाने स्वतःच चार गोष्टी विचारणे अधिक सोपे असते.

तेव्हा ज्यांना हे करून घ्यावयाचे आहे, त्यांनी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी शल्यविशारदाची प्लॅस्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा तत्सम पदवी आणि वैद्यकीय परिषदेतील नोंदणी क्रमांक पाहावा, भूलतज्ज्ञ कोण आणि तो अखेरपर्यंत हजर राहणार का हे विचारावे, किती लिटर काढणार आणि किती लिडोकेन देणार हे आकड्यांत मागावे. आणि रात्री दोन वाजता बदलापुरात छातीत कळ येऊन दम लागला, तर फोन कोणी उचलावयाचा व कोणत्या अतिदक्षता विभागात न्यावयाचे, हे नावानिशी कागदावर लिहून घ्यावे. एवढे लिहून देण्यास जो खळखळ करील, त्याच्या टेबलावर निजू नये.